आमच्या मंडळीतली मुलगी सेमिनरीला (पाळक घडवणाऱ्या कॉलेजला) निघालीय, चार वर्षांचा खर्च कसा उभा करायचा?

शेवगावचा_सेक्रेटरी
प्रभूच्या नावात सर्वांना सलाम. बरीच वर्षं इथलं नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची सभासद कुटुंबं, शेवगाव तालुक्यात, एकूण ६२ घरं. त्यातली वीसेक घरं दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्याला जातात ती गुढीपाडव्याच्या आसपास परततात. बाकी कोणी शेतमजूर, दोन शिक्षक, एक कंडक्टर, एक शाळेत शिपाई. एकाच पाळकसाहेबांकडे पाच गावं आहेत, ते महिन्यातून एकदा प्रभुभोजनाला येतात, बाकीचे रविवार आम्हीच भक्ती चालवतो.

आता देवानं आमच्यातूनच एक मुलगी उभी केलीय. वय २४, बीकॉम झालंय, सहा वर्षं शब्बाथ शाळा (रविवारी मुलांना बायबल शिकवायचा वर्ग) घेते. गेल्या पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं, पाळकसाहेब पलीकडेच अडकले आणि इकडे एका आजींचं प्रेत घरात. तेव्हा या पोरीनं उपासना चालवली, कबरीपाशी प्रार्थना केली, आणि नंतर त्या घरात आठ दिवस रोज संध्याकाळी जाऊन बसायची. तेव्हाच आमच्यातले बरेच जण म्हणाले की हिला पाठवायला पाहिजे.

तिला बीडीला (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, पाळक व्हायची पदवी) प्रवेश मिळालाय. ट्यूशन, हॉस्टेल, मेस, परीक्षा फी धरून वर्षाला १ लाख १० हजार, अशी चार वर्षं. डायोसिसनं (आमच्या धर्मप्रांतानं) शिफारसपत्र दिलंय आणि वर्षाला ३० हजार देणार आहेत. राहिले ८० हजार. वडील टेम्पो चालवतात, आई अंगणवाडीत मदतनीस.

विचारायचं असं की तुमच्याकडे असा खर्च कसा उभा केला? आणि चार वर्षं तिथं राहूनच शिकायला हवं का, घरून करायचे कोर्स असतात ते चालत नाहीत का? तिसरं म्हणजे आमच्या पंचांपैकी दोघं म्हणतात की मुलीवर एवढा खर्च करायचा आणि उद्या लग्न होऊन गेली तर काय. मला ते पटत नाही पण नीट उत्तर देता येईना.

मिशन_कंपाऊंड
सेक्रेटरीसाहेब सलाम, आधी हिशोब करू. ६२ घरं, घरटी महिन्याला १०० रुपये, वर्षाचे ७४,४०० झाले. म्हणजे तुमची रक्कम जवळजवळ आलीच. फक्त कोयत्यावर गेलेल्यांकडे दर महिन्याला मागायला जाऊ नका, ते मुकादमाची उचल घेऊन गेलेले असतात, हातात रोख नसते. त्यांचं पाडव्यानंतर एकदम घ्या नाहीतर धान्यात घ्या.

धान्याचं म्हणतोय कारण आमच्या आजीचा एक डबा होता. दळायला ज्वारी काढली की आधी एक मूठ त्या डब्यात जायची, घरात कितीही ओढ असली तरी. कापणीच्या सणाला डबा देवळात. आणि मग लिलाव! एक कोंबडी तीन-तीनदा विकली जायची, घेणारा पैसे भरायचा आणि कोंबडी परत वेदीपुढं ठेवायचा, की पुन्हा बोली. लहानपणी मला वाटायचं ही कोंबडी फार पवित्र असणार.

जालन्याची_मावशी
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते.

त्या दोन पंचांना विचारा, मुलगे बीडी करून गेले आणि शहरातच राहिले असे किती? त्यांचा खर्च कोणी कधी मोजला का? सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते हे त्यांना माहीत असेलच. दक्षिणेत सीएसआयमध्ये (चर्च ऑफ साउथ इंडिया) तर २०१३ मध्ये ई. पुष्पललिता बिशप झाल्या, नंद्यालला. आणि एवढं लांब कशाला जायचं, आपल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं, आणि ते छापलं कोणी, तर बाईंच्या मुक्ती मिशनमधल्या मुलींनी. खिळे जुळवणाऱ्या मुली! बाईंचं निधन १९२२ ला झालं, बायबल पूर्ण छापून निघालं १९२४ मध्ये. म्हणजे त्या गेल्यावरही मुलींनी काम सोडलं नाही.

लग्न झालं तर होऊ द्या की. ती जिथं जाईल तिथल्या मंडळीला शिकलेली सेविका मिळेल. ती मंडळी काय परक्याची आहे?

निवृत्त_पाळक
मी इथं सहसा लिहीत नाही पण हे लिहायलाच पाहिजे.

मी १९८९ साली सेमिनरीला गेलो. वडिलांनी बैलजोडी विकून पहिल्या वर्षाची फी भरली. दुसऱ्या वर्षाला बाहेरून एक दाता मिळाला, तिसऱ्या वर्षी त्याचं पत्र यायचं बंद झालं. का ते आजतागायत कळलं नाही. परीक्षेला बसायचं तर फी भरलेली पाहिजे, म्हणून गावी आलो आणि शेकडा पाचनं पैसे काढले. ते कर्ज फेडायला मला दीक्षेनंतर आठ वर्षं लागली. पगार एवढासा, लग्न झालेलं, पहिलं लेकरू, आणि महिन्याच्या एक तारखेला दारात माणूस उभा.

पण तुम्हाला सांगतो, पैशापेक्षा वाईट गोष्ट वेगळीच झाली. ज्याच्याकडून पैसे काढले त्याचा भाऊ मी नंतर सांभाळलेल्या मंडळीत पंच होता. त्या माणसानं कबरस्तानाच्या जागेत काहीतरी उलटसुलट केलं होतं, सगळ्यांना माहीत होतं, आणि मी आठ वर्षं त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. बोलूच शकलो नाही. दर रविवारी तो पुढच्या बाकावर बसायचा आणि मी खाली बघून उपदेश करायचो.

म्हणून सेक्रेटरीसाहेब माझं एकच मागणं आहे. त्या लेकीला कर्ज काढू देऊ नका, आणि एकाच माणसाचे पैसेही घेऊ नका. शंभर माणसांचे थोडे थोडे घ्या, म्हणजे उद्या ती उभी राहील तेव्हा तिला कोणा एकाचं तोंड बघून बोलावं लागणार नाही.

मिशन_कंपाऊंड
पाळकसाहेब, वाचून गप्प झालो. लिहिलंत ते फार बरं केलंत.

पापडीकर
मी वसईचा, कॅथलिक. आमच्याकडची पद्धत सांगतो म्हणजे तुलना करता येईल. माझा धाकटा भाऊ फादर आहे. मुलगा एकदा धर्मप्रांतासाठी सेमिनरीत गेला की त्याचा मुख्य खर्च धर्मप्रांत उचलतो, घरचे जमेल तसा हातभार लावतात. शिक्षण लांबलचक, तत्त्वज्ञान वेगळं, ईशज्ञान (थिऑलॉजी) वेगळं, मध्ये एखादं वर्ष पॅरिशमध्ये किंवा आदिवासी भागात काम, भावाला दीक्षेपर्यंत जायला दहा वर्षं लागली. आईबाबांना कधी फीसाठी पळावं लागलं नाही.

पण हे आपोआप झालेलं नाही. फ्रान्समध्ये १८८९ साली जान बिगार आणि त्यांची आई स्टेफनी या दोघींनी एक संस्था सुरू केली ती याचसाठी, की मिशनच्या देशांतले स्थानिक मुलगे पैशाअभावी धर्मगुरू व्हायचे राहू नयेत. सेंट पीटर द अपॉसल सोसायटी. आजही तिच्यासाठी चर्चमध्ये दान घेतात. आणि पुण्याची पेपल सेमिनरी आहे ना, ती मुळात १८९३ ला श्रीलंकेत कँडीला सुरू झाली, १९५५ मध्ये पुण्याला आली. तिचं जे बोधवाक्य आहे त्याचा अर्थ असा की हे भारता, तुझीच मुलं तुझ्या तारणाची सेवक होतील. भावाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

तंबूवाला_सातपूर
पापडीकर, तुमच्याकडे ब्रह्मचारी असतात, आमच्याकडे तिशीतला माणूस बायको-पोरांसकट जातो. फॅमिली क्वार्टर, मुलांची शाळा, बायकोची सुटलेली नोकरी हा सगळा खर्च फीच्या पावतीवर येतच नाही.

म्हणून सेक्रेटरींच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर, घरून चालतं. मी सातपूर एमआयडीसीत टर्नर आहे. टॅफ्टीचा कोर्स केला, ही संस्था बंगळुरूची, १९७१ पासून हेच करते. आठवडाभर रात्री पुस्तकातला धडा सोडवायचा, शनिवारी सात-आठ जण एकत्र बसून त्यावर बोलायचं. आमच्या गटात एक नर्स होती, एक रिक्षावाले, एक रिटायर्ड मास्तर. फर्स्ट शिफ्टला काम, संध्याकाळी अभ्यास, रविवारी जे शिकलो ते मंडळीत वापरायचं.

ही पद्धत निघाली ग्वाटेमालात, १९६३ च्या सुमारास. तिथल्या प्रेस्बिटेरियन मंडळीला दिसलं की गावाकडून राजधानीत शिकायला आलेला मुलगा परत गावाकडे जातच नाही, आणि गावात जो खरा पुढारी असतो त्याला शेती आणि कुटुंब सोडून येता येत नाही. मग त्यांनी ठरवलं की विद्यार्थ्यानं सेमिनरीकडे यायच्या ऐवजी सेमिनरीच त्याच्याकडे जाईल. पौलसुद्धा तंबू शिवून पोट भरत होता आणि सेवा करत होता, प्रेषितांची कृत्ये १८ वा अध्याय काढून बघा.

ग्रीकवाली
तंबूवाला दादा, तुमच्या सेवेबद्दल पूर्ण आदर ठेवून असहमत.

मी चार वर्षं राहून बीडी केलं. तिथं जे मिळालं ते पुस्तकाच्या धड्यात बसत नाही. माझी रूममेट मिझोरामची होती. मी बीडची, आयुष्यात पहिल्यांदा महाराष्ट्राबाहेरच्या माणसाबरोबर राहत होते. पहिले सहा महिने आम्ही दोघी हातवाऱ्यांनीच बोललो. तिच्याकडून मला कळलं की मिझो घरांमध्ये बाई स्वयंपाकाला तांदूळ घेते तेव्हा दर वेळी एक मूठ देवासाठी बाजूला काढते, बुहफाई थाम म्हणतात त्याला, १९१० पासून चालू आहे. चर्च तो तांदूळ गोळा करून विकतं आणि त्यातून मिशनचं काम चालतं. मिशन_कंपाऊंड यांच्या आजीचा डबाच हा! मी तिला म्हटलं होतं की आमच्याकडे पण असं करतात, तर तिला खरंच वाटेना.

आणि दुसरं म्हणजे भाषा. हिब्रू, ग्रीक रोज पहाटे उठून घोकावं लागतं, शिक्षक डोक्यावर असावा लागतो. कामावरून थकून आलेल्या माणसाला ते जमणं फार कठीण. चोवीस वर्षांची, लग्न न झालेली मुलगी आहे, शिकायची भूक आहे, तिला राहून शिकू द्या. तुमचा मार्ग संसारात पडलेल्यांसाठी उत्तमच आहे.

तंबूवाला_सातपूर
ताई, चोवीस वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तुमचं म्हणणं मान्य. पण माझा मुद्दा असा की ६२ घरांत एकटीच शिकली आणि बाकीचे तसेच राहिले तर पुन्हा सगळं तिच्यावरच. ती जाते त्याच वर्षी सेक्रेटरींनी गावात चार-पाच जणांचा गट सुरू करावा. ती परत येईल तेव्हा तिला सोबत काम करणारे सापडतील.

शेवगावचा_सेक्रेटरी
हे डोक्यातच आलं नव्हतं. लिहून घेतलं.

उपासना_संगीत
भाषेचं निघालंच आहे तर माझ्या मनातली जुनी खंत मांडतो, थोडं विषयांतर.

बीडीची पदवी मिळते बंगालमधल्या सेरामपूरची. ते कॉलेज १८१८ साली केरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनरींनी काढलं, १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजानं सनद दिली म्हणून पदव्या द्यायचा अधिकार मिळाला. आणि हा केरी कोण, तर ज्यानं १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, १८१० मध्ये मराठी कोश काढला, कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात साहेबांना मराठी शिकवली! त्याच्याच कॉलेजची पदवी घ्यायला आपल्या शेवगावच्या मुलीला पुण्यात जावं लागो नाहीतर बंगळुरूला, वर्ग इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत, पेपर इंग्रजीत. मराठी माध्यमातली हुशार मुलं पहिल्या सेमिस्टरलाच खचतात, त्यांना वाटतं आपल्याला ईशज्ञान येत नाही, खरं तर त्यांना फक्त इंग्रजी येत नसतं.

मदुराईला तमिळनाडू थिऑलॉजिकल सेमिनरी १९६९ ला निघाली, तिथं तमिळमध्ये शिकवतात. गोव्यात रायतूरला १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापलं गेलं, मराठी ओव्यांमध्ये. म्हणजे आपली भाषा या विषयाला अपुरी पडते असं कोणी म्हणूच शकत नाही.

पापडीकर
>>गोव्यात रायतूरला
आणि त्याच रायतूरच्या सेमिनरीत आजही गोव्याचे धर्मगुरू घडतात. मी जाऊन आलोय, टेकडीवर आहे, शांत जागा.

ग्रीकवाली
उपासना_संगीत यांचं शंभर टक्के खरं. मी पहिल्या वर्षी एका पेपरात नापास झाले होते, विषय येत होता, वाक्य जुळत नव्हतं. म्हणून मुलीला आत्ताच, जूनच्या आधी, रोज एक तास इंग्रजी वाचायला लावा. फीइतकंच हे महत्त्वाचं आहे.

पण एक सांगू का, मराठीत आणणं हे शिकून आलेल्यांचंच काम आहे. मी दर आठवड्याला एका गटासाठी मार्कचं शुभवर्तमान मूळ ग्रीकवरून मराठीत समजावून सांगते. आमच्या एका काकूंनी परवा असा प्रश्न विचारला की मला वर्गात चार वर्षांत सुचला नव्हता.

जालन्याची_मावशी
कोणता प्रश्न? सांग की गं!

ग्रीकवाली
मावशी, रक्तस्रावाने आजारी असलेल्या बाईची गोष्ट चालली होती. काकू म्हणाल्या, बारा वर्षं तिच्या घरात स्वयंपाक कोण करत होतं? म्हणजे ती विटाळाची धरली तर तिच्या हातचं कोणी खाल्लं असेल का, तिला कोणी शिवलं असेल का. मी ग्रीक क्रियापदं सांगत बसले होते आणि काकूंनी त्या बाईची बारा वर्षं एका वाक्यात समोर ठेवली.

जालन्याची_मावशी
देवाची स्तुती असो. मी त्या काकूंच्या शेजारी बसायला येणार.

कोल्हापूरचा_सीए
पैशाच्या बाजूनं थोडं. परदेशातून मदत मागवू असं कोणी सुचवलं तर आधी कायदा समजून घ्या. एफसीआरएमध्ये, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात, २०२० ला जी दुरुस्ती झाली तिच्यामुळे परदेशी देणगी घेतलेली संस्था ती रक्कम पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, आणि पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. नोंदणी नसलेल्या छोट्या मंडळीनं तर असा पैसा घ्यायचाच नाही. आधी परदेशातले मित्र एका मोठ्या संस्थेला द्यायचे आणि ती लहान ठिकाणी वाटायची, तो रस्ता बंद झालाय.

सरकारी स्कॉलरशिपचंही विचारतात लोक. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे आपल्यातल्या दलित कुटुंबांना अनुसूचित जातीचा दर्जा नाही, त्यामुळे ती शिष्यवृत्तीही नाही. शीखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाला, ख्रिस्ती लोक अजून बाहेरच. ज्या घरांमधून सेवेला सर्वात जास्त मुलं येतात त्याच घरांना हा दरवाजा बंद आहे, मला याचा फार त्रास होतो.

म्हणून गावातूनच उभं करा आणि हिशोब काचेसारखा ठेवा. वेगळं खातं, दोन सह्या, त्यातली एक महिला मंडळाच्या बाईंची, प्रत्येक शंभराला पावती, आणि पैसे थेट सेमिनरीला भरा. दर तीन महिन्यांनी भक्तीनंतर हिशोब वाचून दाखवा. लोक द्यायला मागे हटत नाहीत, कुठं गेले ते कळलं नाही की हटतात.

देवळाची_घंटा
एज्युकेशन लोन मिळतं का? भाचा विचारतोय.

तरुण_पाळक_मराठवाडा
मी एका बँकेत विचारलं होतं, धार्मिक कोर्स म्हणून नाही म्हणाले. आणि खरं सांगू का दादा, मिळालं तरी घेऊ नका. माझा पगार महिन्याला १४ हजार आहे आणि पेट्रोल त्यातूनच. इंजिनिअर हप्ता फेडेल, पाळक कशातून फेडणार? निवृत्त पाळकसाहेबांनी वर लिहिलंय ते शब्दन् शब्द खरं आहे.

दुसरं, शिक्षणात काय असावं याबद्दल. मी पहिल्या मंडळीत गेलो तेव्हा मला ऑगस्टीन येत होता, कॅल्विन येत होता, आणि पहिल्याच आठवड्यात एक काका सातबारा घेऊन आले की कबरस्तानाच्या कडेनं शेजाऱ्यानं बांध कोरलाय, आता काय करायचं. दुसऱ्या आठवड्यात लग्न. रजिस्टर कसं भरायचं, १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे नोटीस कशी लावायची, कोणाची सही कुठं, काही माहीत नाही. शेजारच्या पाळकांना रात्री दहाला फोन केला. तिसऱ्या आठवड्यात एका शेतकऱ्यानं विष घेतलं. त्याच्या बायकोसमोर जाऊन बसलो आणि मला एकही वाक्य सुचलं नाही. नुसता बसून राहिलो, त्यांच्या लेकरानं माझं बोट धरलं होतं.

ते शेवटचं कोणत्याही वर्गात शिकवता येतं की नाही मला माहीत नाही. पण तुमची मुलगी आठ दिवस त्या आजींच्या घरी जाऊन बसली म्हणालात ना, तिला ते आधीच येतंय.

निवृत्त_पाळक
बेटा, त्या वेळी बसून राहणं हेच काम असतं. मी एवढ्या वर्षांत यापेक्षा जास्त काही केलं नाही.

लेस्टरची_नात
मी मूळची सोलापूरची, आता इंग्लंडमध्ये. इथं चर्च ऑफ इंग्लंडमध्ये उमेदवाराची निवड झाली की शिक्षणाची फी चर्च भरतं, विद्यार्थी नाही. बरेच जण नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि वीकेंडला शिकतात, म्हणजे तंबूवाला दादांसारखे. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे दीक्षा झाल्यावर लगेच मंडळी हातात देत नाहीत, तीन-चार वर्षं अनुभवी पाळकांच्या हाताखाली क्युरेट म्हणून काम करायचं. तरुण पाळकांनी जो रात्री दहाचा फोन लिहिलाय तो क्युरेटला शेजारच्या खोलीत जाऊन विचारता येतो.

मिशन_कंपाऊंड
हे आपल्याकडे सुट्टीत करता येईल. मे महिन्यात आणि ख्रिसमसला ती घरी येईल तेव्हा त्या पाच गावांच्या पाळकसाहेबांबरोबर तिला फिरवा. रजिस्टर, हॉस्पिटल, कबरस्तान, कोर्ट, सगळीकडे. आणि कीर्तन! नगर जिल्ह्यात ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा आहे, म्हाताऱ्यांना अभंग पाठ आहेत. आमच्याकडे एका पाळकांनी सुंदर उपदेश केला, सगळे शांत बसले, आणि मग एका बुवांनी एकतारीवर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एक पद म्हटलं तर सगळी मंडळी रडत होती. तिला पेटी येते का?

शेवगावचा_सेक्रेटरी
पेटी येते, ढोलकीही येते!

नाव_सुचत_नाही
सगळं छान आहे पण एक स्पष्ट विचारतो, १४ हजारांवर घर चालत नसेल तर एवढं शिकवून त्या मुलीला आपण गरिबीतच लोटतोय ना? आधी पाळकांचा पगार वाढवा.

तरुण_पाळक_मराठवाडा
तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि रागावलो नाही. पगार वाढायलाच हवा. पण मला कोणी लोटलेलं नाही. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून दिला आणि देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, नगरमध्ये लोक अजून त्यांचं नाव काढतात. मी टिळक नाही, मला पगार लागतो, पण मी हे काम सोडणार नाही. कर्ज नसेल तर १४ हजारांवर कष्टानं का होईना चालतं. कर्ज असेल तर ५० हजारांवरही माणूस गुलाम असतो.

शेवगावचा_सेक्रेटरी
उशीर झाला लिहायला, मध्ये ऊसतोडीहून लोक परतले, पाडवा झाला, मग बैठक घेतली. काय झालं ते सांगतो.

बैठकीच्या आधी दोन दिवस तालुक्यातले एक ठेकेदार घरी आले. आपल्यातलेच आहेत, मनानं चांगले. म्हणाले चार वर्षांचे सगळे पैसे मी देतो, आजच पहिला चेक घ्या, पण तिला दीक्षा मिळाली की आमच्या वाडीतल्या चर्चला आली पाहिजे. खरं सांगतो, ८० हजारांचा चेक समोर होता आणि माझा हात पुढं जात होता. मग निवृत्त पाळकसाहेबांचं ते पुढच्या बाकाचं आठवलं. मी म्हणालो बैठकीत ठेवतो.

बैठकीत मी इथले निरोप मोबाईलवरून वाचून दाखवले. मावशींचं वाचलं तेव्हा बायकांच्या बाजूनं टाळ्या. ते दोन पंच होते ना, त्यातले एक उठून म्हणाले माझं चुकलं, लिहा माझे दोनशे. दुसरे अजून गप्प आहेत पण बैठकीतून उठून गेले नाहीत.

६२ पैकी ४९ घरांनी सही केली. ३८ घरं महिन्याला शंभर, सहा घरं दोनशे, पाच घरं पाडव्याला एक पोतं ज्वारी. महिला मंडळानं मूठ धान्याचे डबे सुरू केलेत, डब्यांवर पोरांनी रंग देऊन नावं घातलीत. ठेकेदारसाहेबांनाही आम्ही सांगितलं की तुमचे पण सगळ्यांसारखे महिन्याला शंभरच घेऊ, अट नको. पहिल्यांदा नाराज झाले. परवा येऊन बाराशे भरून गेले आणि म्हणाले तिला ने-आण करायला गाडी लागली तर सांगा, ते तरी करू द्या.

बेरीज केली तर ज्वारी धरून ७० हजारांच्या आसपास जातंय. दहा हजार कमी पडतात, ते कापणीच्या सणाच्या लिलावातून काढू. सीएसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे खातं उघडलं, दुसरी सही महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंची. आणि शनिवारचा गटही सुरू होतोय, सहा जण आहेत, त्यात मी पण आहे, वय ५७.

तंबूवाला_सातपूर
साहेब, पहिल्या शनिवारी मी येतो. सातपूरहून एसटीनं निघेन, झोपायला देवळाची ओसरी चालेल.

कोल्हापूरचा_सीए
दहा हजारांतले माझे महिन्याला शंभर धरा. पावती पाहिजे!

लेस्टरची_नात
माझेही घ्या ना?

कोल्हापूरचा_सीए
ताई, तुम्ही भारतीय पासपोर्टवर असाल आणि स्वतःच्या भारतातल्या बचत खात्यातून देत असाल तर विचार करता येईल, ब्रिटिश नागरिक असाल तर नको. मला आधी मेसेज करा, मग ठरवू.

शेवगावची_शब्बाथ_शाळा
सर्वांना सलाम. मीच ती. सेक्रेटरीकाकांनी काल हा सगळा धागा दाखवला, मी दोनदा वाचला, आईलाही वाचून दाखवला. काय लिहावं कळत नाहीये. त्या आजींच्या घरी मी काही विशेष केलं नव्हतं, त्या मला लहानपणी गूळ-शेंगदाणे द्यायच्या.

ग्रीकवाली ताई, तुम्ही सांगितल्यापासून रोज एक तास इंग्रजी वाचतेय. एक विचारायचं होतं, ग्रीक मुळाक्षरं आत्तापासून पाठ केली तर चालतील का, की तिथं वेगळ्या उच्चारानं शिकवतात आणि मग विसरायला लागतं?

ग्रीकवाली
चालतील, आत्ताच कर. उच्चार थोडे इकडे-तिकडे होतील पण अक्षरं तीच, चोवीसच आहेत. माझी पहिल्या वर्षाची ग्रीकची वही आणि शब्दांच्या चिठ्ठ्या अजून आहेत, मागे मराठी अर्थ लिहिलेत. सोमवारी बीडहून शेवगावच्या एसटीत पार्सल टाकते, स्टँडवर कोणाला तरी पाठव. आणि स्वेटर घे, पहाटेच्या तासाला पुण्यात थंडी असते.